शिल्लक ७१२ दिवस : आजारपणाच्या रजेचा हिशेब

हैदराबादच्या दिलसुखनगरमध्ये माझे मामा राहतात. मूळ कुटुंब नांदेडकडचे. निजामाच्या राज्यात मराठवाडा होता तेव्हा नोकरीच्या निमित्ताने हैदराबादला आले आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली तरी तिथेच राहिले. मामा १९८२ साली केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लागले आणि २०१९ साली निवृत्त झाले. गेल्या भेटीत त्यांनी कपाटातून एक फाइल काढून दाखवली. निवृत्तीच्या दिवशीच्या रजेच्या हिशेबाची ती प्रत होती. त्यात दोन आकडे होते. अर्जित रजा : ३०० दिवस. अर्धवेतनी रजा : ७१२ दिवस.

पहिल्या आकड्याचे त्यांना रोख पैसे मिळाले. दुसऱ्याचे काहीच मिळाले नाही आणि मिळणारही नव्हते. तरीही पहिल्यापेक्षा दुसरा आकडा दाखवताना मामांच्या आवाजात अधिक अभिमान होता. ‘‘सदतीस वर्षांत अठ्ठावीस दिवस फक्त खर्ची पडले, बघ!’’ असे ते म्हणाले. स्वयंपाकघरातून मामी लगेच म्हणाल्या, ‘‘ताप आला की ऑफिसात घेऊन जायचे आणि संध्याकाळी तोच घरी आणून सगळ्यांना वाटायचे.’’

आजारपणासाठी म्हणून मिळालेली रजा आजारी पडूनही न वापरता जपून ठेवणे हा प्रकार आपल्याकडे इतका रुजलेला आहे की त्यात काही विसंगत आहे असे सहसा वाटत नाही. गोव्यात सरकारी नोकरी नाही असे घर शोधावेच लागेल, आणि गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही मामांना लागू होते तेच केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू आहेत. त्यामुळे मामांचा हा हिशेब पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या शेकडो कपाटांतही सापडेल. ती रजा नक्की कशी साठते, कशी खर्च होते आणि कुठे विरून जाते, हे नीट समजून घेण्याजोगे आहे.

सरकारी कर्मचाऱ्याच्या रजेचे दोन वेगळे कप्पे असतात. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस मिळते, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी आगाऊ जमा होते. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस, त्याच दोन तारखांना दहा-दहा अशी जमा होते. नैमित्तिक रजा (आपण जिला सीएल म्हणतो ती) वर्षाला आठ दिवस असते, पण ती साठत नाही आणि नियमांच्या भाषेत ती खरे तर रजाच नव्हे.

या दोन कप्प्यांपैकी पैशाचा कप्पा अर्जित रजेचा. निवृत्तीच्या वेळी शिल्लक असलेल्या अर्जित रजेचे रोखीकरण होते. त्याची मर्यादा १ जुलै १९८६ पासून २४० दिवस होती, ती १ जुलै १९९७ पासून ३०० दिवस झाली. हिशेब सोपा आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ६०,००० रुपये असतील तर एका दिवसाचे २,००० रुपये आणि ३०० दिवसांचे सहा लाख. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या या रकमेवर प्राप्तिकरही नाही. खासगी नोकरीतल्यांना २००२ पासून तीन लाखांपर्यंतच सूट होती. ती मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख करण्यात आली.

यात एक बारकावा असा की रजा कोणत्याही वर्षी साठवलेली असो, तिचे पैसे निवृत्तीच्या दिवशीच्या पगाराने मिळतात. १९९० सालच्या पगाराचा एक दिवस मामांनी वाचवला, तो २०१९ साली त्या वेळच्या पगाराच्या दराने वटला. पगारवाढ, वेतन आयोग, महागाई भत्ता यांची सगळी वाढ त्या जुन्या दिवसाला आपोआप मिळाली. बँकेतल्या कोणत्याही मुदत ठेवीने ती दिली नसती. त्यामुळे अर्जित रजा राखून ठेवणारा माणूस कंजूष नव्हे, व्यवहारी असतो.

मात्र हा कप्पा ३०० दिवसांना भरतो. एकही दिवस न घेतल्यास दहा वर्षांत तो काठोकाठ होतो. त्यानंतर दर सहामाहीला जमा होणारे १५ दिवस त्याच सहामाहीत वापरावे लागतात, नाहीतर बुडतात. मामांनी हे नेमके ओळखले होते. दर मे महिन्यात ते सगळ्यांना घेऊन पंधरा दिवस आमच्याकडे गोव्याला येत. आंबे, फणस, मिरामारचा समुद्र असा सगळा कार्यक्रम असे. आम्हां मुलांना वाटे, मामांच्या ऑफिसात किती सुटी असते! वास्तविक तो जानेवारीतला जमेचा भाग जूनअखेर बुडू नये म्हणून केलेला प्रवास होता. मौजेसाठी रजा घेताना मामांनी कधी संकोच केला नाही. संकोच होता तो आजारपणाचा.

अर्धवेतनी रजेचा कप्पा अगदी निराळा आहे. तिला साठवणुकीची वरची मर्यादा नाही, म्हणूनच ३७ वर्षांत ७४० दिवस जमा होऊ शकले. नावाप्रमाणे ती अर्ध्या पगाराची, आणि ती वैद्यकीय दाखल्याशिवाय खासगी कामासाठीही घेता येते. परंतु आजारपणाचा दाखला जोडला तर तिचे परिवर्तित रजेत रूपांतर होते : पूर्ण पगार मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. दहा दिवस आजारी, तर वीस दिवस वजा.

या ‘दुप्पट’ शब्दाने अनेकांचा घात केला आहे. ऐकणाऱ्याला तो दंड वाटतो. ‘दोन दिवस तापात झोपलो तर चार दिवस गेले,’ हे वाक्य मी किमान तीन निवृत्त माणसांच्या तोंडून ऐकले आहे. प्रत्यक्षात त्यात तोटा काहीच नाही. अर्ध्या पगाराचे दोन दिवस आणि पूर्ण पगाराचा एक दिवस यांची किंमत एकच. दहाच्या दोन नोटा देऊन वीसची एक घेण्यासारखा तो प्रकार आहे.

आता मामांच्या ७१२ दिवसांकडे पाहू. ती रजा परिवर्तित करून घेतली असती तर पूर्ण पगारावर ३५६ दिवस, म्हणजे वर्षाला नऊ दिवस कमी इतके आजारपण तिच्यात मावले असते. निवृत्तीच्या दिवशी तिचे रोखीकरण होऊ शकते, पण केवळ अर्जित रजा ३०० पेक्षा कमी भरत असेल तर ती तूट भरून काढण्यापुरते, आणि तेही अर्ध्या वेतनाच्या दराने. समजा अर्जित रजा २४० दिवसच आहे. मग वरच्या उदाहरणात अर्धवेतनी रजेचे ६० दिवस दिवसाला १,००० रुपये या दराने ६०,००० रुपये मिळवून देतील. मामांची अर्जित रजा पूर्ण ३०० होती. तूट शून्य, म्हणून ७१२ दिवसांची किंमतही शून्य.

थोडक्यात, मामांनी अंगात ताप असताना ऑफिसात काढलेल्या दिवसांतून एक रुपयाही वाचला नाही. घरी झोपून राहिले असते तरी ते ३०० दिवस जागचे हलले नसते, कारण आजारपण त्या कप्प्यातून जातच नव्हते. मी हे कागदावर मांडून दाखवले. मामा हिशेबात पक्के. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, ‘‘अगं, ते मला माहीत होतं. पण मेडिकल ही मोठ्या दुखण्यासाठी ठेवायची असते.’’

हे उत्तर सहज झटकून टाकता येणार नाही. मोठे दुखणे आले असते तर हेच ७१२ दिवस घराचा आधार ठरले असते. अपघात, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार अशा प्रसंगी पूर्ण पगारावर वर्षभर घरी राहता येणे ही आपल्या देशात फार थोड्यांना मिळणारी सोय आहे. न वापरलेला विमा वाया गेला असे आपण म्हणत नाही. परंतु विम्याची तुलना इथे पूर्ण लागू पडत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाकडे ६०० दिवस असतील, तर तीन दिवसांच्या तापाचे सहा दिवस वजा झाल्याने त्याचे कवच किती पातळ होणार? शिवाय खात्यात काहीच नसले तरी नियमांत ‘अनर्जित रजा’ आहे. पुढे जमा होणाऱ्या अर्धवेतनी रजेच्या भरवशावर, दाखला जोडून, संपूर्ण सेवेत ३६० दिवसांपर्यंत ती उसनी मिळू शकते. म्हणजे कवचाखाली आणखी एक कवच.

तेव्हा हिशेबापलीकडचे काहीतरी इथे काम करते. ते ‘रजा’ या शब्दातच दडले असावे, असे मला वाटते. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संमती, परवानगी. ‘रजामंदी’मध्ये तो अजून जिवंत आहे. ‘सुट्टी’चा संबंध सुटण्याशी, रजेचा मात्र कुणीतरी ‘जा’ म्हणण्याशी. १९७२ च्या नियमांतील सातवा नियम हेच सांगतो : रजा हक्क म्हणून मागता येत नाही. आजारी माणसाला अर्ज करावा लागतो, दाखला जोडावा लागतो, आणि परत रुजू होताना प्रकृती ठीक असल्याचा दुसरा दाखला द्यावा लागतो. ताप आला हे एकदा आणि गेला हे दुसऱ्यांदा, असे दोनदा सिद्ध करावे लागते.

मामांच्या पहिल्या साहेबांना म्हणे आजारपणाचा अर्ज आला की भुवया उंचावून ‘‘काय, दांडी का?’’ असे विचारण्याची सवय होती. विनोदच तो, पण चोवीस वर्षांच्या कारकुनाच्या मनात तो सदतीस वर्षे टिकला. गोपनीय अहवालात काय लिहिले जाईल ही धास्ती वेगळीच. मराठीत न सांगता गैरहजर राहण्याला ‘दांडी मारणे’ असा खास शब्द आहे. आजारी असूनही कामावर जाण्याला मात्र शब्द नाही, कारण ती आपल्याकडे कधी चूक मानलीच गेली नाही. तिला कौतुकच मिळाले. शाळेत शंभर टक्के हजेरीचे बक्षीस मिळते, ते गोवर-कांजिण्यांच्या काळातही, यापासूनच त्याची सुरुवात होते.

त्याची किंमत मोजण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घकाळ चाललेला ‘व्हाइटहॉल’ अभ्यास वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्यातील पुरुष कर्मचाऱ्यांविषयीचा एक निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती बरी नसतानाही आजारपणाची रजा अजिबात न घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण, तशीच प्रकृती असून मध्यम प्रमाणात रजा घेणाऱ्यांच्या तुलनेत दुप्पट आढळले. रजा न घेतल्यानेच विकार झाला असे यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. पण ‘काम करत राहिलो की दुखणे पळते’ या समजाला त्याने मोठा छेद दिला. अमेरिकेत काही शहरांनी आणि राज्यांनी भरपगारी आजारपणाची रजा सक्तीची केली. तिथे फ्लूसारख्या तापाचा प्रसार घटल्याचे अर्थशास्त्रज्ञांना दिसून आले. मामींचे ‘सगळ्यांना वाटायचे’ हे निरीक्षण त्यांच्या आकडेवारीआधीचे आहे.

नियम माणसाला कसा घडवतो याचे एक उदाहरण अमेरिकेच्याच संघराज्य सरकारचे आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना वर्षाला १३ दिवस आजारपणाची रजा मिळते आणि ती अमर्याद साठते. जुन्या निवृत्तिवेतन योजनेत शिल्लक रजा सेवाकाळात धरली जाई, त्यामुळे लोक ती जपत. नवीन योजनेत तिची किंमत शून्य झाली. मग निवृत्तीच्या आधीच्या महिन्यांत कर्मचारी मोठ्या संख्येने ‘आजारी’ पडू लागले. या साथीला तिथे योजनेच्या नावावरून ‘फर्स फ्लू’ असे नाव पडले. अखेर कायदा बदलला आणि १ जानेवारी २०१४ पासून नव्या योजनेतही पूर्ण शिल्लक धरली जाऊ लागली. तीच माणसे, तेच शरीर, फक्त रजेचा हिशेब बदलला की ताप येतो किंवा उतरतो. आपल्याकडेही निवृत्तीला सहा महिने उरले की ‘मेडिकल’ टाकून गावाला जाणारे कमी नाहीत. त्यांना लबाड म्हणण्याआधी त्यांच्या खात्यातले सातशे दिवस दुसऱ्या दिवशी काय होणार होते, हेही विचारात घेतले पाहिजे.

जर्मनीत हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे आजारपणाच्या दिवसांचे खातेच नसते. डॉक्टरने सांगितले की सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, पुढचे आरोग्य विमा पाहतो. खातेच नाही, तर साठवणार काय आणि जाळणार काय? उलट टोक जपानचे. तिथे कायद्याने आजारपणाची स्वतंत्र भरपगारी रजा नाही, त्यामुळे लोक वार्षिक सुटीतले काही दिवस तापासाठी म्हणून बाजूला ठेवतात आणि सहलीला जात नाहीत.

बँकांतली पद्धत या दोहोंच्या मध्ये. आपल्या सरकारी बँकांत आजारपणाची रजा सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवस, अर्ध्या पगाराची, आणि साधारणपणे एकूण ५४० दिवसांपर्यंत साठते. तिचे रोखीकरण होत नाही. आमच्या पत्रकारितेच्या धंद्यात १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने कामावर घालवलेल्या काळाच्या अकराव्या हिश्शाइतकी अर्जित रजा आणि सेवाकाळाच्या अठराव्या हिश्शाइतकी अर्ध्या पगाराची वैद्यकीय रजा घालून दिली. किती उपसंपादकांनी ती घेतली, हा विषय इथे नको.

आजारपणाची रजा सामुदायिक हत्यार म्हणूनही वापरली जाते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे दोनशेहून अधिक केबिन कर्मचारी एकाच वेळी ‘आजारी’ पडले, दोन-तीन दिवस उड्डाणे कोलमडली, काहींना बडतर्फीची पत्रे मिळाली आणि श्रम आयुक्तांच्या मध्यस्थीने ९ मे रोजी ती मागे घेण्यात आली. संपाला नोटीस लागते, तापाला लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेल्या नैमित्तिक रजेला संपच मानले आहे. आजारपणाच्या रजेचा उल्लेख मात्र त्या व्याख्येत नाही.

हे सगळे ज्यांना रजा आहे त्यांचे झाले. मामांच्या त्याच घरात वहिनीही राहते, मामेभावाची बायको. दिलसुखनगर म्हणजे विजयवाडा रस्त्यावरची अखंड बाजारपेठ : शिकवणी वर्ग, वसतिगृहे, साईबाबांचे मंदिर, आणि कापडाची व दागिन्यांची मजलेच्या मजले दुकाने. त्यातल्या एका मोठ्या कापड दुकानात वहिनी बिलिंगच्या काउंटरवर असते. पगार १५,००० रुपये. आषाढात तिथे सवलतींचा हंगाम असतो, गर्दीला अंत नसतो. त्याच दिवसांत तिला ताप आला. तीन दिवस घरी राहिली. तीन दिवसांचा पगार कापला जाणार हे ठाऊक होते, म्हणून ताप उतरताच चौथ्या दिवशी ती कामावर गेली. पाचव्या दिवशी काउंटरवरच भोवळ येऊन पडली. डेंग्यू होता.

डेंग्यूमध्ये ताप उतरणे म्हणजे बरे होणे नव्हे. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप खाली येतानाच धोक्याचा काळ सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, प्लेटलेट घटतात, रक्तदाब कोसळू शकतो. ते २४ ते ४८ तास विश्रांतीचे आणि देखरेखीचे असतात. वहिनीने नेमके तेच दिवस उभ्याने काढले. चार दिवस खासगी रुग्णालयात राहून ती बरी झाली. बिल मामांनी भरले. कशातून भरले हे विचारले नाही, पण मामांकडे मोठी रक्कम एकदाच आली होती, ती ३०० दिवसांची.

वहिनीला रजा नव्हती, असे घरात सगळे म्हणत होते. ते खरे नव्हते. तेलंगणात लागू असलेल्या १९८८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कर्मचाऱ्याला वर्षाला १२ दिवसांपर्यंत आजारपणाची आणि १२ दिवसांपर्यंत नैमित्तिक अशी भरपगारी रजा आहे. वर्षात २४० दिवस काम केल्यास पुढील वर्षी आणखी १५ दिवसांची भरपगारी रजा, आणि साठवण्याची मुभा फक्त या शेवटच्या रजेला, ६० दिवसांपर्यंत. आजारपणाचे १२ दिवस साठवायचे नसतात, वापरायचेच असतात. मामांच्या खात्यात सातशे दिवस पडून होते, आणि त्याच घरातल्या सुनेला आपल्या नावावर बारा दिवस आहेत हेसुद्धा कुणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट तिच्या पगारपत्रकात छापलेली होती. दर महिन्याला ‘ईएसआय’ या रकान्यात ११३ रुपये कापले जात. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली, आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहे. १ जानेवारी २०१७ पासून तिची वेतनमर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासून पगाराच्या पाऊण टक्का कर्मचारी आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. या पैशांतून विमाधारकाला आणि कुटुंबाला उपचार मिळतात हे अनेकांना अंधुक माहीत असते. आजारपणात बुडालेल्या पगाराची भरपाईही मिळते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. दीर्घ आजारांच्या ठरावीक यादीसाठी ती ८० टक्के आहे आणि मुदतही पुष्कळ अधिक. या काळात मालकाला कर्मचाऱ्याला कामावरून काढताही येत नाही.

यातल्या दोन अटी गोव्यातील वाचकांनीही लक्षात ठेवाव्यात, कारण वेर्ण्याच्या कारखान्यापासून पणजीच्या हॉटेलपर्यंत हीच योजना आहे. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास मात्र ही अट नाही. दुसरी अट ७८ दिवसांची. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्षाचे दोन वर्गणीकाळ असतात. पहिल्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढील जानेवारी ते जून, आणि दुसऱ्यात भरली असेल तर जुलै ते डिसेंबर या काळात लाभ मिळतो. ज्या दिवसाचा पगार मालकाने दिला त्या दिवसाची भरपाई अर्थातच नाही. म्हणून लहान तापासाठी दुकान कायद्यातली रजा आणि लांबलेल्या दुखण्यासाठी विमा, असा वापर शहाणपणाचा.

वहिनीच्या बाबतीत दहा दिवसांचे आजारपण धरले तर पहिले दोन दिवस सोडून आठ दिवसांचे, दिवसाला ढोबळमानाने ३५० रुपये याप्रमाणे, २,८०० रुपये झाले असते. रक्कम मोठी नाही. पण चौथ्या दिवशी घरी थांबायला ती पुरेशी होती, आणि रुग्णालयाचे बिल तर आलेच नसते.

हे आम्ही तिघांनी, म्हणजे मामा, वहिनी आणि मी, त्या संध्याकाळी मामांच्याच फाइलच्या पाठकोऱ्या कागदावर मांडले. वहिनीने आपले पगारपत्रक आणले. विमा क्रमांक त्यावर होता. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणीही भरलेली होती. अडचण एकाच जागी निघाली. भरपाईसाठी प्रमाणपत्र विमा योजनेच्या दवाखान्यातील डॉक्टरचे लागते आणि तिच्याकडे कागद होते खासगी रुग्णालयाचे. असे दाखलेही विमा कार्यालयाकडे सादर करता येतात, पण मग त्यांची तपासणी होते. मामांनी चष्मा लावला, नवा कागद घेतला आणि मथळा घातला : ‘विषय : आजारपणाच्या लाभाबाबत’. दिलसुखनगरच्या मेट्रो स्थानकातून मियापूरकडे जाणाऱ्या गाडीला वाटेत ‘ईएसआय हॉस्पिटल’ नावाचे स्थानकच आहे, गाडी बदलावी लागत नाही. सोमवारी सकाळी दोघे जाणार होते. वहिनीला त्यासाठी एक दिवसाची नैमित्तिक रजा हवी होती. तिचाही अर्ज मामांनीच लिहून दिला.